बर्फातून आलेली गाठ

शिवाजी पेठेत माझी ओळख आयुष्यभर 'रक्त-लघवीच्या बाई' अशीच राहिली. एम.डी. झाले, पुण्यात नोकरी केली, परत येऊन इथं स्वतःची लॅब काढली, दारावर हिस्टोपॅथॉलॉजी अशी लांबलचक पाटी लावली, तरी सकाळी दार उघडलं की गल्लीतला कोणीतरी सुनेच्या लघवीची बाटली घेऊन उभा. मी सांगायची, अहो, ते इथं होत नाही, आम्ही गाठी तपासतो. त्यावर तो समजूतदारपणे म्हणायचा, "असू दे की बाई, आता आणलीच हाय तर बघा." एखादी गोष्ट होत नाही असं कोल्हापूरकराला सांगितलं की त्याच्या मते तिथून पुढं बोलणी सुरू होतात. शेवटी मी नाइलाजानं एक तपासनीस ठेवला आणि रक्त-लघवीही सुरू केली. लॅबचं भाडं पहिली काही वर्षं त्यातूनच निघालं, हे इथं कबूल करून टाकते.

आता लॅब माझ्या विद्यार्थिनीच्या हातात आहे. मी सकाळी दोन तास जाते, अवघड स्लाइड बघते, चहा पिते आणि सगळ्यांना सूचना देऊन घरी येते. सूचना कोणी ऐकत नाही, पण चहा चांगला असतो.

आमचं काम सांगायला सोपं आहे. सर्जन गाठ किंवा गाठीचा तुकडा काढतो आणि फॉर्मलिन नावाच्या औषधात बुडवून बरणीतून पाठवतो. शरीरातून बाहेर आलेला तुकडा लगेच बिघडायला लागतो. फॉर्मलिन त्याला आहे तसा थोपवून धरतं. मग आम्ही तो मेणात बसवतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतो, ते काचेवर घेऊन रंगवतो आणि मायक्रोस्कोपखाली बघतो. गाठ साधी की कॅन्सरची, हे तिथं ठरतं. पेशंट आम्हाला दिसत नाही आणि आम्ही पेशंटला दिसत नाही. ऑपरेशन करणाऱ्याच्या घरी दिवाळीला मिठाईचे खोके जातात, आमच्या घरी कधी काही येत नाही. तक्रार नाही, मला गोड चालतही नाही.

पण बरण्या मात्र बघण्यासारख्या येतात. चंदगडकडच्या एका डॉक्टरांनी एकदा काजूच्या सरबताच्या बाटलीतून गाठ पाठवली. ताजी गाठ मऊ असते, दाबून बारीक तोंडातून आत गेली. फॉर्मलिनमध्ये ती घट्ट झाली आणि बाहेर येईना. आम्ही चिमट्यानं, आकड्यानं, सगळ्यानं खटपट केली आणि शेवटी बाटली फडक्यात गुंडाळून हातोडीनं फोडली. डॉक्टरांना फोन करून चार शब्द सुनावले. ते म्हणाले, "मॅडम, पावसानं रस्ता बंद हुता, बरण्या संपल्यात, घरात दुसरं काय न्हवतं." मी त्यांना रुंद तोंडाच्या बरण्यांचं एक खोकं एस.टी.नं पाठवून दिलं.

एक आजी आल्या होत्या, त्यांना त्यांची गाठ परत हवी होती. तपासून झाली ना, मग माझ्या अंगाचं माझ्याजवळ द्या, असं त्यांचं म्हणणं. कशाला हवी म्हणून विचारलं तर म्हणाल्या, मेल्यावर सगळी एका ठिकाणी जायला नको का. मी नियम सांगितला, त्यांनी तो ऐकून घेतला आणि तरी दुपारपर्यंत बाकावर बसून राहिल्या. आजींना गाठ दिली नाही. अजून कधीकधी वाटतं, द्यायला हवी होती.

स्तनाच्या कॅन्सरचं काम मात्र नुसतं 'कॅन्सर आहे' एवढ्यावर संपत नाही. तिथं दुसरा प्रश्न असतो: ही पेशी वाढते ती कोणाच्या सांगण्यावरून? महिला मंडळांत बोलायला बोलावलं की मी आपल्या जुन्या लाल एस.टी.चं उदाहरण देते. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. कंडक्टर मागून दोरी ओढतो, दोन घंट्या पुढं वाजतात आणि गाडी निघते. पेशीचंही तसंच आहे. बाहेरून आलेला निरोप धरायला तिच्याकडे रिसेप्टर असतो, म्हणजे दोरीचं टोक समजा. निरोप आला की दोरी ओढली जाते, एका रेणूकडून दुसऱ्याकडे असं करत करत घंटी आतपर्यंत पोचते आणि पेशी वाढायला लागते. निरोगी पेशीत थांबण्याची घंटीही वाजते. कॅन्सरच्या पेशीत नुसत्या दोन दोन घंट्या चालू राहतात आणि गाडी कुठल्याच थांब्यावर उभी राहत नाही.

ही दोरी सगळ्या गाठींत एकच नसते. बऱ्याच बायकांच्या गाठीत ती इस्ट्रोजेन हे बाईपणाचं हार्मोन ओढतं. तिथं रोज एक छोटी गोळी वर्षानुवर्षं द्यायची. काही गोळ्या दोरीचं टोक आधीच पकडून बसतात, काही ते हार्मोन तयारच होऊ देत नाहीत. दुसऱ्या काही गाठींत हर-टू नावाच्या रिसेप्टरची भाऊगर्दी झालेली असते, त्यांच्यावर झाकण घालणारं इंजेक्शन आहे. अलीकडे तर दोरी मध्येच कुठंतरी अडवणारी औषधंही निघालीत, त्यांची नावं पाठ करताना माझ्या विद्यार्थिनीची दमछाक होते. आणि ज्या गाठीत इस्ट्रोजेन, त्याच्या जोडीचं प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू यातली एकही दोरी सापडत नाही तिला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. तिथं मुख्यतः किमोवर भिस्त, म्हणजे दोरी सापडत नाही तर सरळ गाडीवरच दगड मारायचे. कुठली दोरी आहे हे शोधण्यासाठी आम्ही काप खास रंगवतो. रिसेप्टर असेल तर तिथं तपकिरी रंग धरतो, नसेल तर नाही. या तपकिरी रंगावर बाईला पुढं काय मिळणार ते ठरतं, म्हणून मी त्या स्लाइडपुढं घाई करत नाही.

एक गोष्ट सलते ती इथंच सांगते. हर-टूचं इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळायच्या आधी ती तपासणी मात्र आम्ही करत होतो. गडहिंग्लजच्या एका शाळामास्तरणीची स्लाइड आठवते. गडद, सलग तपकिरी, पुस्तकात छापावी अशी. मी रिपोर्टवर तीव्र पॉझिटिव्ह लिहिलं. त्या काळी त्याचा अर्थ एवढाच होता की हा आजार जोरात जाणार आहे. त्या बाई गेल्या. आज तसाच रंग दिसला की आम्ही खूश होतो, कारण त्यावर औषध आहे. रंग तोच, काच तीच, फक्त त्या बाई थोड्या आधी आल्या. याचं मला फार वाईट वाटतं आणि त्याला काही उपाय नाही.

आता ज्या गाठीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येते. नावं बदलली आहेत.

सुनंदाताई नेसरीच्या बाजूच्या एका खेड्यातल्या. पन्नाशी ओलांडलेली, शेती आणि म्हशी सांभाळणारी बाई. त्यांचे यजमान गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. गावात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे, बायकोसुद्धा नाही, म्हणून मीही त्यांना सेक्रेटरीच म्हणते. डाव्या स्तनात गाठ लागली म्हणून तालुक्याच्या सर्जननी तिचा एक तुकडा काढला, फॉर्मलिनच्या बरणीत घातला आणि सेक्रेटरींच्या हातात देऊन कोल्हापूरला नेऊन द्यायला सांगितलं. दिवाळी तोंडावर होती. सेक्रेटरी फोन करून बघतात तर आमची लॅब लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत बंद. सुट्टी संपल्यावर ते बरणी घेऊन आले, काउंटरवरच्या लताबाईंकडे दिली, पावती घेतली आणि पुढच्या एस.टी.नं परत गेले. बरणीत फॉर्मलिन होतं, तुकडा त्यात बुडालेला होता. कोणाला काही वावगं दिसलं नाही.

मला दिसलं ते मायक्रोस्कोपखाली. कॅन्सर होता, त्याबद्दल शंका नव्हती. पण पेशी सुकल्यासारख्या, आणि सगळीकडे भोकं भोकं, जाळीच्या पोळीसारखी. पुढं रिसेप्टरचे रंग केले. तिन्ही निगेटिव्ह. तपकिरीचा ठिपका नाही.

ट्रिपल निगेटिव्ह लिहून सही करायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण आमच्यात एक शिस्त आहे. गाठीच्या शेजारी बहुतेक वेळा निरोगी दूधनळ्यांचा थोडा भाग येतोच. त्या निरोगी नळ्यांत इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरचे तपकिरी ठिपके इथंतिथं असायलाच हवेत. तो आमचा घरचा साक्षीदार. सुनंदाताईंच्या स्लाइडवर तो साक्षीदारही गप्प होता. त्याच दिवशी त्याच रंगात केलेली दुसऱ्या बाईची स्लाइड व्यवस्थित रंगली होती, म्हणजे दोष रंगाचा नव्हता. साक्षीदाराचीच वाचा गेलेली असेल तर आरोपी गप्प आहे याला अर्थ काय? मी सही केली नाही.

इथं काय पणाला लागलं होतं ते नीट सांगते. त्या गाठीत खरंच रिसेप्टर असेल आणि मी नाही लिहिलं, तर सुनंदाताईंना ती रोजची गोळी कोणीही, कधीही दिली नसती. रिपोर्टवर निगेटिव्ह असताना कोण देणार? त्यांच्या बचावाचा मोठा भाग माझ्या एका सहीनं कायमचा काढून घेतला असता, आणि कोणाला ते कळलंही नसतं.

कॅन्सर आहे एवढं मी आधीच कळवलं होतं आणि त्यावरून कॅन्सरच्या डॉक्टरांनी किमोची तारीख ठरवून टाकली होती. त्यांचा फोन आला की रिसेप्टरचा रिपोर्ट कुठं अडकलाय. मी म्हटलं, सुईनं नवा तुकडा काढा, हा भरवशाचा नाही. ते वैतागले. गाठ वाढतेय, बाई घाबरलेली आहे, नवरा तापट आहे, तुम्ही जे दिसतंय ते लिहा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, जे दिसतंय ते खोटं आहे. डॉक्टर चांगले होते, पण त्यांच्या दारात तीस पेशंट बसले होते आणि माझ्या टेबलावर एकच स्लाइड होती, म्हणून मला हट्ट परवडत होता. शेवटी ते म्हणाले, मग त्या नवऱ्याला तुम्हीच समजावा.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी लॅबमध्ये आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि मागं पदर घट्ट धरून सुनंदाताई. मी पहिल्यांदाच त्यांना बघत होते. माझ्या आयुष्यात स्लाइडच्या आधी किंवा नंतर माणूस फार क्वचित आलंय, त्यामुळं मला जरा अवघडल्यासारखं झालं. बसा म्हटलं. सेक्रेटरी बसले नाहीत.

मी सांगायला सुरुवात केली. रिसेप्टर, हार्मोन, दोरी, घंटी, सगळं सांगितलं. महिला मंडळात टाळ्या घेणारं माझं एस.टी.चं उदाहरण त्यांच्यापुढं सपशेल पडलं. त्यांना एवढंच ऐकू आलं की सॅम्पल खराब झालंय आणि पुन्हा सुई टोचायची आहे.

"गाठीला परत डिवचलं की ती उठती," ते म्हणाले. "आमच्या गावात दोघीचं तसंच झालंय. एकदा तुकडा काढला, आता परत कशाला? तुमचं मशीन बिघडलं असंल."

सुईनं कॅन्सर पसरत नाही हे मी शांतपणे सांगितलं. मग जरा कमी शांतपणे सांगितलं. मी काही फार गोड बोलणारी बाई नाही. म्हटलं, सेक्रेटरी, मशीन ठीक आहे, तुकडाच इथं बिघडून आलाय.

मग ते भडकले. आणि भडकून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"माझ्या हातनं सॅम्पल बिघडंल व्हय? आख्खं आयुष्य गेलं डेअरीत. तुमच्यापेक्षा जास्त सॅम्पल बघितल्यात मी. बरणी हुंगल्यावरच कळलं, फॉर्मलिन हाय. दुधात कोण फॉर्मलिन घातलं तर आम्ही त्याचं दूध बंद करतो, भेसळ हाय ती. म्हटलं, असल्या भेसळीच्या पाण्यात ठेवलं तर टेस्टिंग खरं कसं येणार? काढलं बाहेर, स्वच्छ धुतलं, आणि दिवाळीभर संस्थेच्या फ्रीजरात बर्फात ठेवलं. येताना पण बर्फातनं आणलंय. तुमच्या दारात आल्यावर तुमचं पाणी तुमाला परत भरून दिलं. एवढं कोण करतंय?"

दूध नासू नये म्हणून बर्फ, आणि तपासणी खरी यावी म्हणून औषध बाहेर. त्यांच्या धंद्यातलं सगळं बरोबर होतं. आमच्या धंद्यात त्यानं पेशींची वाट लागली होती. बर्फाच्या खड्यांनी पेशी फाटल्या होत्या, ती भोकं तिथून आली होती, आणि रिसेप्टर केव्हाच निघून गेले होते. सगळ्या जिल्ह्यात ही चूक एखाद्या प्रामाणिक दूधवाल्याकडूनच होऊ शकली असती. बेफिकीर माणसानं बरणी पिशवीत तशीच टाकून ठेवली असती आणि ते उत्तम झालं असतं.

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. ते मी गिळलं. एक तर त्या माणसाला त्याच्या बायकोसमोर 'हे तुम्ही केलंत' असं म्हटलं असतं तर तो तिथून तडक निघून गेला असता आणि सुनंदाताईंनाही घेऊन गेला असता. कोल्हापुरी माणसाला दुखवून काम करून घेता येत नाही, हे मला पेठेनं शिकवलंय. दुसरं म्हणजे, खरं सांगायचं तर, मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली.

मी विचारलं, "सेक्रेटरी, फुटलेलं दूध फॅटच्या मशीनला लावता का?"

"छे. आकडा खोटा येतोय."

"मग काय करता?"

"टाकून देतो. दुसरं सॅम्पल घेतो."

"आणि तेवढ्यावरून म्हैस हलक्या दुधाची आहे असं लिहून ठेवता?"

"कसं लिवणार? म्हशीचा काय दोष?"

"मग मी कसं लिहू?" मी म्हटलं. "लांबनं येताना तुकडा बिघडतो कधीकधी. फुटलेल्या सॅम्पलवर आकडा लावून तुमच्या बायकोची गोळी मी कायमची बंद करायची का?"

ते खुर्चीवर बसले. बराच वेळ हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळत राहिले. मग इतका वेळ एक शब्द न बोललेल्या सुनंदाताई म्हणाल्या, "करा सुई. गाठ माझी हाय."

त्याच आठवड्यात कॅन्सरच्या डॉक्टरांनी सुई घालून नवे तुकडे काढले. ते तिथंच, माझ्या माणसासमोर फॉर्मलिनमध्ये पडले. रंग होऊन येईपर्यंतचे दिवस मला जड गेले. मी बाहेर कितीही ठामपणे बोलले असले तरी मनात होतंच की, दुसराही निगेटिव्ह आला तर? बाईला उगाच टोचलं, किमो लांबवली, नवऱ्याशी वाद घातला, आणि सगळं एका म्हाताऱ्या डॉक्टरणीच्या हट्टापायी. हट्ट बरोबर होता हे मला माहीत होतं. पण बरोबर असणं आणि निवांत झोप लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्लाइड आली. मी ती लावली आणि फोकस फिरवला. सगळं तपकिरी. निरोगी नळ्यांत ठिपके हवे होते तसे, आणि गाठीच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गडद, भरघोस रंग. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर जोरदार पॉझिटिव्ह, त्याच्या जोडीचा प्रोजेस्टेरॉनचाही. हर-टू निगेटिव्ह, तो खराच निगेटिव्ह. मी विद्यार्थिनीला हाक मारून दाखवलं, मग लताबाईंनाही बोलावून दाखवलं. त्यांना त्यातलं काही कळत नाही, पण मला कोणाला तरी दाखवायचंच होतं. कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, बरं झालं तुम्ही ऐकलं नाही." उपचाराचा सगळा रस्ता बदलला. आधी ऑपरेशन, पुढं गोळी. डॉक्टरांची ती दाद मी अजून मुरंब्यासारखी जपून ठेवली आहे आणि अधूनमधून बरणी उघडून चाखते.

रिपोर्ट न्यायला दोघं आले. सेक्रेटरी खाली मोटरसायकलजवळ कोणाशी तरी बोलत थांबले आणि सुनंदाताई एकट्या वर आल्या. मी गोळीबद्दल सांगितलं. बरं वाटलं तरी सोडायची नाही, अंगातून वाफा आल्या, सांधे दुखले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाही. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग दाराकडे एकदा बघून हळू आवाजात म्हणाल्या, "पैल्यांदा चुकलं ते बर्फामुळं न्हवं?"

मी खोटं बोलू शकले नाही. हो म्हटलं.

"मला तवाच कळलं. तुमचं तोंडच सांगत हुतं." मग म्हणाल्या, "ह्यास्नी सांगू नका बाई. लगीन झाल्यापासनं ह्यांनी माझ्यासाठी असं जपून काय केलं न्हवतं. दिवाळीत फराळाच्या ताटावरनं उठून बर्फ बदलायला जात हुते. ते चुकलं म्हणून कळलं तर ह्यास्नी जेवण जायाचं न्हाय."

मी कबूल केलं. त्या दिवशी घरी आल्यावर मला रडू आलं. इतकी वर्षं तुकडे बघितले, त्यामागचं घर असं कधी दिसलं नव्हतं.

पण चूक एकदा कळल्यावर हातावर हात ठेवून बसणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी तालुक्यातल्या सर्जनना फोन करून सांगितलं की बरणी देताना नातेवाइकाला बजावा, औषध ओतून टाकायचं नाही, बर्फात ठेवायचं नाही. नाव अर्थातच घेतलं नाही. आणि लताबाईंना शिकवलं की बरणी हातात घेतली की पावतीच्या आधी दोन प्रश्न विचारायचे. लोक चिडतात. आम्हाला काय अडाणी समजता का, म्हणतात. लताबाई म्हणतात, बाईंचा नियम आहे, आणि पुन्हा विचारतात. त्यांच्या या चिकाटीमुळं नंतर आणखी दोघातिघांची गडबड वेळेवर पकडली गेली. एकानं फॉर्मलिन डोळ्याला झोंबतं म्हणून त्यात विहिरीचं पाणी भरलं होतं.

सुनंदाताईंचं ऑपरेशन नीट झालं. पुढं त्या तपासणीला कोल्हापूरला आल्या की मला भेटून जायच्या, कधी नाचणीचं पीठ, कधी घरचं लोणी घेऊन. गोळी चालू आहे, हे आल्या आल्या सांगायच्या, जणू मी गृहपाठ तपासणार आहे. म्हशी पुन्हा त्यांनीच हातात घेतल्या होत्या. सेक्रेटरी खालीच थांबायचे. माझ्यापुढं यायला त्यांना नको वाटतं, जुना वाद आठवत असेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

गेल्या श्रावणात मात्र ते वर आले. मी चहा संपवून निघण्याच्या तयारीत होते. त्यांच्या बहिणीच्या स्तनात गाठ लागली होती आणि तिचा तुकडा त्याच तालुक्याच्या सर्जननी काढला होता. बरणी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, झाकणावरून चिकटपट्टीचे दोन वेढे, सुनंदाताई शेजारी. त्यांचे केस पार पांढरे झाले होते, सुनंदाताईंचे नव्हते.

लताबाईंनी बरणी घेतली आणि वर न बघता नेहमीच्या सुरात विचारलं, "यातलं औषध ओतलं नव्हतं ना? बर्फात ठेवलं नव्हतं ना?"

मी आतल्या दारातच थांबले. आता ते चिडणार आणि मला मध्ये पडावं लागणार, असं वाटलं.

सेक्रेटरी चिडले नाहीत. त्यांनी बरणीकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्या टायमाला न्हाय."

सुनंदाताईंनी गर्रकन माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. माझ्याकडून एक शब्दही गेला नव्हता. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"तुमास्नी कवा कळलं?"

"तवाच," सेक्रेटरी म्हणाले, आणि लताबाईंना बहिणीचं नाव सांगायला काउंटरवर वाकले.